सोलापूरहून विमानाने: दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं सुटायला लागल्यापासून सोलापुरात एक प्रश्न सारखा कानावर येतो: ‘मुंबई विमानाने किती वेळ?’ कुणी सांगतं पाऊण तास, कुणी सांगतं एक तास, आणि नुकताच जाऊन आलेला माणूस सांगतो साडेचार तास. तिघांचंही बरोबर असतं, फक्त तिघं वेगवेगळा वेळ मोजत असतात. तेव्हा आकडेमोडीला हात घालण्याआधी हे तीन वेळ वेगळे करून घ्या.

पहिला म्हणजे हवेतला वेळ. धावपट्टीवरून चाकं उचलली, तिथपासून दुसऱ्या धावपट्टीला टेकेपर्यंत. इंटरनेटवर ‘फ्लाइट टाइम’ म्हणून जो आकडा मिळतो, तो बहुतेक वेळा याच्याच जवळपासचा असतो.

दुसरा ब्लॉक टाइम. विमान उभं असतं तिथून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर येऊन थांबेपर्यंतचा. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची जी वेळ छापलेली असते, ती याची. म्हणजे ‘सुटण्याची वेळ’ ही उड्डाणाची वेळ नसते. त्या वेळी विमान फक्त जागेवरून हलतं. धावपट्टीपर्यंत जाऊन आकाशात चढायला आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात. नवखा प्रवासी खिडकीतून बघत ‘उशीर झाला’ म्हणतो, तेव्हा अनेकदा विमान अगदी वेळेवर असतं.

तिसरा घर ते घर. आपल्या कामाचा खरा वेळ हाच, आणि तो कुठल्याही संकेतस्थळावर आयता मिळत नाही. तो स्वतः काढावा लागतो.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा

अंतर काढताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गावाच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड बघा. सोलापूरचा कोड एसएसई. काही जुन्या याद्यांत गावाचं स्पेलिंग इंग्रज काळातलं ‘शोलापूर’ असं असतं. ‘सोलापूर’ टाकून काही सापडलं नाही तर कोड टाका, लगेच सापडेल.

दुसऱ्या टोकाला जास्त सांभाळावं लागतं. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा जुना जीओआय आणि उत्तर गोव्यात मोप्याला २०२३ मध्ये सुरू झालेला जीओएक्स. सोलापूर–गोवा सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली ती मोप्याला. मडगावला किंवा कोलव्याला ज्याचं हॉटेल आहे त्याला मोप्यावरून अख्खा गोवा ओलांडून खाली उतरावं लागतं. हा वेळ विमानाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. मुंबईचंही आता तसंच. सांताक्रूझ–सहारचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. पनवेल-खारघरच्या माणसाला एक सोयीचा, अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला दुसरा. पुढचं विमान एनएमआयवरून आणि आपण उतरणार बीओएमला, असं तिकीट नजरचुकीने काढलं तर अख्खी मुंबई मध्ये येते.

आणखी एक. अंतर मोजणारी संकेतस्थळं कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि ‘वेळ’ दाखवतात. सोलापूर ते नांदेड टाका, आकडा येईल. त्याचा अर्थ तिथे विमान जातं असा होत नाही. सेवा आहे की नाही हे विमान कंपनीच्या किंवा तिकिटाच्या पानावरच बघायचं.

पायरी २: अक्षांश-रेखांश घ्या

संकेतस्थळ आयतं अंतर देतं, मग हे कशाला? कारण दिलेला आकडा किलोमीटरमध्ये आहे, मैलांत आहे की नॉटिकल मैलांत, हे अनेकदा नीट लिहिलेलं नसतं, आणि कधी विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरलेला असतो. एकदा हाताने पडताळा घेता आला की चुकीचा आकडा लगेच ओळखू येतो. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण नॉटिकल मैलच वापरतात.

संगणकावर गूगल मॅप्समध्ये विमानतळाच्या धावपट्टीवर उजवं बटण दाबा. यादीत सगळ्यात वर दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. त्यांच्यावर टिचकी मारली की ते कॉपी होतात. त्याच यादीत ‘अंतर मोजा’ हा पर्याय आहे. दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारली की सरळ रेषेतलं अंतर तिथेच दिसतं. फोनवर जागेवर बोट दाबून धरा, पिन पडली की खालचं पान वर सरकवा आणि ‘अंतर मोजा’ निवडा.

विमानतळाच्या माहितीपत्रकातून घ्याल तर आकडे अंश-मिनिटं-सेकंदांत असतात. सोलापूर विमानतळ १७ अंश ३७ मिनिटं ४१ सेकंद उत्तर, ७५ अंश ५६ मिनिटं ५ सेकंद पूर्व. याचा दशांश करायचा:

३७ ÷ ६० = ०.६१७
४१ ÷ ३६०० = ०.०११
१७ + ०.६१७ + ०.०११ = १७.६२८

रेखांश याच रीतीने ७५.९३५ येतो. घाईत १७ अंश ३७ मिनिटं हे थेट १७.३७ असं लिहू नका. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाहीत. या एका चुकीने विमानतळ जवळपास २९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि गणिताचं उत्तर इतकं थोडं चुकतं की संशयही येत नाही.

पायरी ३: अंतर काढा

हजार-दोन हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला शाळेतला पायथागोरस पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा आणि उत्तरेकडे जाल तसा लहान होत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या (दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या) कोसाइनने, म्हणजे कॅल्क्युलेटरवरच्या cos ने, गुणायचं. सोलापूर–मुंबई करून बघू. मुंबई (बीओएम) १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व.

१. अक्षांशांतला फरक: १९.०८९ − १७.६२८ = १.४६१. गुणिले १११.२ = १६२.५ किमी.
२. रेखांशांतला फरक: ७५.९३५ − ७२.८६८ = ३.०६७. गुणिले १११.२ = ३४१ किमी.
३. मधला अक्षांश १८.३६. त्याची कोसाइन ०.९४९. ३४१ × ०.९४९ = ३२३.७ किमी.
४. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ: १६२.५ चा वर्ग २६,४०६, ३२३.७ चा वर्ग १,०४,७८२, बेरीज १,३१,१८८, वर्गमूळ ३६२.

म्हणजे ३६२ किलोमीटर, किंवा सुमारे १९५ नॉटिकल मैल. तिसरी पायरी गाळली तर ३७८ येतात. आपल्याकडे ही चूक सोळा किलोमीटरची, पण उत्तरेकडच्या देशांत हीच शेकडो किलोमीटरची होते. रेल्वेने सोलापूर–मुंबई ४५५ किलोमीटर पडतं. भोर घाट, पुण्याची वळणं, कुर्डुवाडीचा वळसा या सगळ्याचे ते जादा ९३ किलोमीटर.

याच रीतीने सोलापूरहून पुणे सुमारे २४० किलोमीटर, हैदराबाद (शमशाबाद) २७०, गोवा-मोपा ३०५, बेंगळुरू ५३० आणि दिल्ली १,२२० किलोमीटर. वहीत लिहून ठेवायला हरकत नाही; विमानतळ जागचे हलत नाहीत.

लांबचं अंतर: इथे पायथागोरस सोडा

मुंबई–लंडन (हीथ्रो) वरच्या रीतीने काढलं तर ७,५७० किलोमीटर येतं. खरं अंतर आहे सुमारे ७,२१०. साडेतीनशे किलोमीटरांची ही चूक येते, कारण पृथ्वी गोल आहे आणि गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग सपाट नकाशावरच्या सरळ रेषेवरून जात नाही. तो उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वाकलेला दिसतो. म्हणून लंडनला किंवा अमेरिकेला जाणारं विमान सीटसमोरच्या पडद्यावर ‘वळसा घालून’ जाताना दिसतं. तो वळसा नसतो, तोच जवळचा रस्ता असतो.

लांब अंतराची रीत अशी. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही मिळवा. आलेल्या बेरजेची व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढली की अंशांत कोन मिळतो. त्याला ६० ने गुणलं की नॉटिकल मैल, आणि पुढे १.८५२ ने गुणलं की किलोमीटर.

मुंबई–दुबई घ्या. दुबई २५.२५३ उत्तर, ५५.३६४ पूर्व; रेखांशांतला फरक १७.५०४. पहिला गुणाकार ०.१३९५, दुसरा ०.८१५१, बेरीज ०.९५४६. तिची व्यस्त कोसाइन १७.३२ अंश. गुणिले ६० म्हणजे १,०३९ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १,९२५ किलोमीटर. सोपं आहे, पण दोन ठिकाणी घसरायला होतं.

एक, कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक). संगणकावरची स्प्रेडशीट कोन नेहमी रेडियनमध्ये मागते. तिथे आधी प्रत्येक कोन रेडियनमध्ये बदलून घ्या, आणि शेवटच्या कोनाला थेट ६,३७१ ने गुणा, म्हणजे किलोमीटरच मिळतील. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर कोपऱ्यात अंश की रेडियन हे दिसतं, ते बघितल्याशिवाय सुरुवात करू नका.

दोन, पश्चिम रेखांश उणे धरायचा. हे विसरलं तर काय होतं ते बघा: मुंबई ७२.८७ पूर्व आणि न्यूयॉर्क (जेएफके) ७३.७८ पश्चिम. आकडे जवळजवळ सारखे! उण्याचं चिन्ह राहिलं तर गणित न्यूयॉर्कला मुंबईच्या बरोबर उत्तरेला, मध्य आशियात नेऊन ठेवतं आणि अंतर सांगतं सुमारे २,४०० किलोमीटर. खरं अंतर १२,५०० च्या थोडं वरच आहे.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या रीतीत जास्तीत जास्त अर्धा टक्का फरक पडतो. प्रवासासाठी तो सोडून द्या.

पायरी ४: किलोमीटरांचे तास करा

इथे ‘अंतर भागिले वेग’ एवढ्यावर थांबलात तर फसाल. ३६२ किलोमीटर, जेटचा वेग ताशी ८३०, म्हणजे २६ मिनिटं? इतक्या वेळात सोलापूरहून मुंबईला कुठलंच प्रवासी विमान पोहोचत नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या मर्यादेत उडावं लागतं. चढताना वेग हळूहळू वाढतो, उतरताना खूप आधीपासून कमी करावा लागतो. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने जेमतेम काही मिनिटं जातं. वर चढून स्थिरावलं न स्थिरावलं तोच उतरणीला लागतं.

म्हणून ब्लॉक टाइम काढायला हा साधा अंदाज वापरा:

जेट विमान असेल (एअरबस ३२०, बोईंग ७३७, एम्ब्राएर १७५): किलोमीटर भागिले ८००, जे तास येतील त्यांची मिनिटं करा, त्यात ३० मिनिटं मिळवा.
पंख्याचं विमान असेल (एटीआर ७२): किलोमीटर भागिले ५००, त्यात २५ मिनिटं मिळवा.

ही तीस मिनिटं येतात कुठून? सुटताना जागेवरून धावपट्टीपर्यंत सुमारे दहा, चढताना गमावलेली पाच-सात, उतरण्याआधी रांग आणि वळणं यांत पाच-आठ, आणि उतरल्यावर जागेपर्यंत पाच-आठ. लहान विमानतळावर यातली काही वाचतात. सोलापुरात विमान धावपट्टीवरून बाहेर आलं की दारात आल्यासारखंच आहे. मुंबई-दिल्लीला हीच मिनिटं वाढतात.

सोलापूर–मुंबई मार्गावर ऑक्टोबर २०२५ मध्ये सेवा सुरू झाली ती एम्ब्राएर १७५ या जेटने. ३६२ भागिले ८०० म्हणजे २७ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे सत्तावन्न. एक तास धरा. सोलापूर–गोवा एटीआरने: ३०५ भागिले ५०० म्हणजे ३७ मिनिटं, अधिक २५, म्हणजे तोही एक तासच. गोव्याचं अंतर कमी आणि वेळ तेवढाच, याचं कारण विमान वेगळं. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघायची सवय लावून घ्या. तिकिटाच्या तपशिलात तो लिहिलेला असतो. लहान अंतरात एटीआर आणि जेट यांत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अंदाज चुकतो तो कशामुळे

धावपट्टीची दिशा. सोलापूरची धावपट्टी १५/३३ आहे. या आकड्यांना दहाने गुणलं की दिशा मिळते, १५० अंश म्हणजे आग्नेयेकडे आणि ३३० अंश म्हणजे वायव्येकडे. मुंबई सोलापूरपासून साधारण २९७ अंशांवर, वायव्य-पश्चिमेला. ३३ वरून उड्डाण झालं तर विमान थोडं डावीकडे वळलं की मुंबईच्या वाटेला लागतं. वाऱ्यामुळे १५ वरून उडावं लागलं तर तोंड विजापूर-अक्कलकोटच्या बाजूला होतं आणि मोठं वळण घेऊन परत फिरावं लागतं. त्यात दोन-चार मिनिटं जातात. विमान वाऱ्याच्या समोरून उडतं आणि समोरूनच उतरतं, त्यामुळे ही निवड वारा करतो. उड्डाणाची आणि उतरणीची ही सरळ वाट मोकळी असणं किती महत्त्वाचं आहे हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली ती याच कारणाने.

वारा. लहान अंतरात त्याचं फार मनावर घेऊ नका. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असला तरी मुंबईच्या वाटेत दोन-तीन मिनिटंच वाढतात. लांब पूर्व-पश्चिम प्रवासात मात्र तो मोठा हिशेब आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. कोलकाता–मुंबई १,६६५ किलोमीटर. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी घेऊन मुंबईहून कोलकात्याला जाताना हवेत १०७ मिनिटं लागतील, तर तोच वारा समोरून घेत परतताना १३७. अर्ध्या तासाचा फरक. जाण्या-येण्याच्या वेळापत्रकात वेळ वेगवेगळा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

गर्दी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग असली की विमानाला आकाशात लंबगोल घिरट्या घालायला लावतात. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटं गेली. कंपन्या हे गृहीत धरून वेळापत्रकात आधीच काही मिनिटं जादा ठेवतात. म्हणूनच कधी ‘उशिरा सुटलं पण वेळेवर पोहोचलं’ असं होतं. परतीच्या वेळी सोलापूरला उतरताना अशी रांग नसते, तेव्हा विमान वेळेआधीही टेकू शकतं. घ्यायला येणाऱ्याला हे सांगून ठेवा.

बंद आकाश. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचा वेळ वाढला. अंतराचं गणित तेच राहिलं, मार्ग बदलला. परदेशी जायचं असेल तर हातच्या गणितापेक्षा त्या कंपनीचं चालू वेळापत्रक खरं माना.

आणि ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. कधी कधी कंपनीला वजन कमी करावं लागतं.

नेमका वेळ बघायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकून मागच्या काही दिवसांच्या नोंदी बघणं. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटलेली वेळ, हवेतला वेळ, सगळं ओळीने दिसतं. जमेल तितक्या दिवसांच्या नोंदी बघा. एका दिवसावरून मत बनवू नका.

एका विमानातून दुसऱ्यात: दिल्लीचं उदाहरण

सोलापूर–दिल्ली सरळ १,२२० किलोमीटर. थेट जेट असतं तर ९२ अधिक ३० मिनिटं, दोन तासांत पोहोचवलं असतं. मुंबईमार्गे ३६२ अधिक १,१३७, म्हणजे १,४९९ किलोमीटर. वाट पावणेतीनशे-एक किलोमीटरने वाढली, आणि हवेत तेवढ्यासाठी वीस-एकवीस मिनिटं जास्त लागतात. पण एकूण प्रवास? सोलापूर–मुंबई एक तास, मुंबईत अडीच तास थांबा, मुंबई–दिल्ली सव्वादोन तास: पावणेसहा. थांबाच सगळ्यात मोठा निघाला. म्हणून तिकिटं तुलनेला लावताना किलोमीटर किंवा ‘फ्लाइट टाइम’ न बघता एकूण वेळ बघा.

मुंबईत थांबा किती ठेवायचा, हे दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत की नाहीत यावर ठरतं. एकच तिकीट असेल तर सामान पुढे जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान पट्ट्यावरून उचलायचं, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. आणि पहिलं चुकलं म्हणून दुसऱ्याचे पैसे कुणी देत नाही. वेगळ्या तिकिटांवर तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास धरा.

परदेशी घड्याळ

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मुंबईहून सकाळी १० ला सुटलेलं विमान दुबईला ११:४५ ला पोहोचतं असं दिसलं, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणून १:४५ अधिक १:३०, सव्वातीन तास. आपल्या रीतीने पडताळा: १,९२५ भागिले ८०० म्हणजे २ तास २४ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे २:५४. वर वाऱ्याचे, गर्दीचे. जुळलं.

पूर्वेकडे उलटं. सिंगापूर अडीच तास पुढे, तेवढे वजा करायचे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथे घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर ती दुसऱ्या दिवसाची तारीख. हॉटेलचं आरक्षण त्या तारखेचं करा.

घर ते घर

आता सोलापूरच्या नवी पेठेतून मुंबईत दादरला जाणाऱ्याचा हिशेब मांडा. घरातून आसरा चौकावरून विमानतळ ३० मिनिटं. सुटण्याआधी ९० मिनिटं पोहोचायचं; सामान घेण्याची खिडकी कंपनीप्रमाणे ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होते आणि विमानाचं दार २०-२५ मिनिटं आधी, तिथे गयावया करून उपयोग होत नाही. विमान एक तास. उतरून, सामान घेऊन बाहेर ३५ मिनिटं. पुढे दादर ५० मिनिटं. बेरीज चार तास पंचवीस मिनिटं. यातला हवेतला वेळ पाऊण तासही नाही.

वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटून साडेसहा तासांत सीएसएमटीला पोहोचते. घर ते स्टेशन आणि थोडं आधी जाणं धरलं तर सव्वासात तास. विमानाने अडीच-पावणेतीन तास वाचतात. पण कल्याण-डोंबिवलीला जायचं असेल तर गाडी कल्याणवरूनच येते, आणि विमानतळावरून मात्र उलट्या दिशेने तास-दीड तास परत जावं लागतं. तिथे विमानाचा फायदा जवळजवळ संपतो. बार्शी, पंढरपूरकडचा प्रवासी असेल तर सोलापूरला पोहोचायचाच दीड तास जातो. त्याने कुर्डुवाडीला गाडी पकडणं कितीदा तरी सोयीचं पडतं. आणि पुण्याला? २४० किलोमीटरसाठी विमान शोधत बसू नका.

सामान फक्त हातातलं असेल तर या बेरजेतून वीस-पंचवीस मिनिटं कमी करा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस हा हिशेबच वेगळा. झोपेत गेलेला वेळ ज्याने त्याने आपल्यापुरता धरावा.

तिकीट काढण्याआधी आणि उशीर झाल्यावर

विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. सोलापूरसारख्या नव्या ठिकाणी वार आणि वेळा यांत अधेमधेही बदल होतात. दिवाळीत पाहिलेली वेळ चैत्रात धरून चालू नका. प्रवासाच्या आदल्या दिवशी एकदा आणि निघण्याआधी एकदा कंपनीच्या पानावर विमानाची स्थिती बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं दिल्लीचं धुकं सोलापुरात दिसत नाही, पण दिल्लीहून येणारं विमान अडकलं की त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्याही मागे पडतात.

ब्लॉक टाइम माहीत असण्याचा आणखी एक उपयोग आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असलेल्या देशांतर्गत विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर विमानतळावर वेळेत आलेल्या प्रवाशांना कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तासांची आहे. सोलापूरहून मुंबई आणि गोवा दोन्ही पहिल्या गटात बसतात. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांतला एक पर्याय द्यायचा असतो. काउंटरवर शांतपणे हे मागा, आणि उशिराचा मेसेज फोनमधून पुसू नका. परतावा मागताना तोच पुरावा लागतो.